सुतकातलं जाळं

आजोबा गेले ते नवं जाळं रंगाच्या हंड्यातून बाहेर काढल्याबरोबर. त्यांचं वय झालं होतं, तेव्हा जाण्याबद्दल तक्रार नाही. वेळेबद्दल मात्र माझी अजून आहे.

ते जाळं त्यांनीच त्या पावसाळ्यात तागाच्या सुताचं विणलं होतं. जुनं पार विरलं होतं. नारळी पौर्णिमेला होडी नव्या जाळ्यानिशी निघाली तर बाबा घरी राहणार होते. नाहीतर वाडीतल्या इतरांसारखी मुंबईची गिरणी. हे त्यांनी आईला उघड सांगितलं होतं, म्हणून ऐनाची साल आणायला ती स्वतः रानात गेली. साल कुटून उकळली की लालसर काढा होतो आणि त्यात मुरलेला ताग खाऱ्या पाण्यात टिकतो. आईच्या काढ्याला वाडीत मान होता. तिला त्याचा थोडा तोराही होता, आणि मला तो तोरा फार आवडायचा.

जाळं उपसून पडवीत निथळायला ढीग घातला, तेवढ्यात घरातून रडण्याचा आवाज आला.

आमच्या वाडीची रीत अशी, की माणूस गेला की त्याच्या हातच्या जाळ्याला दहावा होईतो कुणी शिवायचं नाही. ते असेल तिथेच राहू द्यायचं. सुकलेल्या जाळ्याचं त्यात काही बिघडत नाही. पण ओलं जाळं ढिगात राहिलं तर आतून तापतं आणि कुजतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आई चुलत आजोबांकडे गेली. भावकीत तेच मोठे. नुसतं दांडीवर पसरू द्या, म्हणाली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. बाबा शेजारीच बसले होते.

मग ऊनही असं पडलं, की श्रावणात सहसा पडत नाही. दांडीवर जाळं दिवसात वाळलं असतं, म्हणून मला त्या उन्हाचा संताप येई. आई ढिगापाशी हात मांडीखाली दाबून बसायची. आधी आंबूस वास आला, मग ढिगातून वाफ निघायला लागली. आम्ही नुसतं बघत होतो. दुसरं काय करणार?

दहावा झाला. बाबांनी जाळं उचललं तर वरचा भाग हातात आला आणि खालचा तिथेच राहिला. चुलत आजोबांनी सूत चिमटीत धरून ओढलं. ते तुटलं.

"साल कवळी घेतलीस गो," ते आईला म्हणाले. रागाने नाही, समजावल्यासारखं.

आईने बाबांकडे बघितलं. "तुमी तरी सांगा."

"सांगून जाळा परत येणार हाय काय?" बाबा म्हणाले, आणि त्याच आठवड्यात आगबोटीने मुंबईला गेले.

त्यानंतर काढा करायला आईला कुणी बोलावलं नाही. ती गेली तेव्हाही बाबा गिरणीतच होते.

परवा माहेरी गेले होते. शेजारची म्हातारी आपल्या सुनेला साल निवडायला शिकवत होती. जून बघून घे, कोवळीने जाळं कुजतं, असं बजावत होती. मी म्हटलं, काकी, साल चांगली होती, जाळं सुतकात कुजलं. तिने माझ्याकडे दयेने पाहिलं.

"तुझी आयस होती ती," ती म्हणाली. "तू असाच सांगणार."