नाताळला जन्मलेली अकरा पोरं

पिंपरी पेंढारच्या माळावर मिशनची एक शाळा होती. तिचे मुख्याध्यापक रेव्हरंड शांतवन रणपिसे. त्यांना रेव्हरंड म्हणणारा गावात एकच माणूस होता, तो म्हणजे पोस्टमन, आणि तोही पाकिटावर तसं लिहिलेलं असे म्हणून. शाळेच्या कामात ते सर, एरवी सगळे त्यांना फादर म्हणत. आपण अँग्लिकन परंपरेतले, आपल्यात पाळक म्हणतात, आपल्याला एस्तेर नावाची बायको आहे, हे त्यांनी पहिली पाच वर्षं घसा खरवडून सांगितलं. लोक ऐकून घेत आणि म्हणत, "बरं, फादर."

आठवड्याचे सहा दिवस शाळा आणि रविवारी शेजारच्या दगडी चर्चमध्ये उपासना. उपासनेला दोनच कुटुंबं उरली होती आणि त्यातलं एक त्यांचं स्वतःचं होतं. चर्चच्या सावलीला मात्र मेंढरं घेऊन यमाजी करगळ बसलेला असे, त्यामुळे प्रवचनाला आतल्यापेक्षा बाहेर जास्त श्रोते असत. एकदा फादरनी हरवलेल्या मेंढराची गोष्ट अगदी रंगवून सांगितली. बाहेरून यमाजी ओरडला, "फादर, त्या मेंढक्याला अक्कल न्हाई! नव्व्याण्णव उघड्यावर टाकून एकीमागं गेला? आपल्याकडं बिबट्यानं निम्मी उडवली असती की राव!" पुढच्या रविवारी फादरनी द्राक्षमळ्याचा विषय घेतला.

या भल्या माणसाच्या हातून एकच चूक झाली, आणि ती त्यांनी एकतीस वर्षं मोठ्या प्रेमाने केली.

जन्मतारीख ठाऊक नसलेल्या पोराला आपल्याकडचे मास्तर एक जून चिकटवतात. शाळा जूनमध्ये भरते, वय काढायला सोपं पडतं. म्हणून तर आपल्याकडची निम्मी म्हातारी माणसं एकाच दिवशी वर्षाने वाढतात. फादरना हे पटेना. "सगळ्यांना एकच शिक्का मारायला ही काय मेंढरं आहेत?" असं म्हणाले, आणि त्यांनी सगळ्यांना पंचवीस डिसेंबरचा शिक्का मारला! का, तर त्या दिवशी चर्चमध्ये केक असतो. ज्याचा वाढदिवस घरी कुणी करणार नाही, त्याचा परस्पर होऊन जाईल. एस्तेरबाईंचा केक तव्याएवढा पसरट आणि विटेएवढा टणक असे, पण मेंढपाळ करगळांच्या वस्तीवरची पोरं तो डिसेंबर लागल्यापासून मनात चघळत.

यमाजीची नात हिरा पहिलीत आली तेव्हाची गोष्ट. तिची आजी रतनबाई सोबत होती. फादरनी विचारलं, "हिरा कधी झाली?"

"आमी कोकणातनं वर येत व्हतो. घाट चढलो, भुरी मेंढी व्याली, तिच्या दुसऱ्या दिशी ही."

"महिना कुठला?"

"मेंढी काय महिना इचारून व्यातीय व्हय?"

फादरनी पंचवीस डिसेंबर लिहिलं. कळप कोकणातून वर येतात ते पावसाळ्याच्या तोंडावर. म्हणजे या पोरीला एक जूनच जवळचा पडला असता.

गेल्या वर्षी शाळेचा पट होता तेवीस. वीसच्या खाली आला की शाळा बंद, ही टांगती तलवार होतीच. करगळांच्या वस्तीवरचे आई-बाप दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरत आणि पोरं शाळेसाठी आजी-आजोबांपाशी मागे राहत. तेवीसपैकी अकरा पोरं या वस्तीवरची होती. आडनाव एक, वस्ती एक, जन्माचा दिवस एक. सगळ्या शाळांची नावं जिथे भरतात त्या कॉम्प्युटरने एवढे योगायोग एकत्र पाहिले आणि निकाल दिला, ही पोरं खोटी आहेत.

तपासणीला डिसेंबरात केंद्रप्रमुख आले ते गोरक्ष करगळ. याच वस्तीवरचे, याच शाळेचे विद्यार्थी. आता महाळुंगे पडवळहून बदलून इकडे आलेले. त्यांनी डोकी मोजली, तेवीस भरली. फादरच्या पाया पडले आणि खुर्ची ओढून म्हणाले, "सर, पोरं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. फक्त जन्मतारीख कुणी सांगितली, एवढा खुलासा द्या. आजी-आजोबांनी सांगितली, असं लिहा. एका वाक्याचं काम आहे."

"पण त्यांनी नाही सांगितली, गोरक्ष. मी लिहिली."

"सर, माझी तरी कुणी सांगितली व्हती? मी पण नाताळचाच! ह्याच तारखेवर नोकरी लागली मला."

शाळेतल्या दुसऱ्या आणि शेवटच्या शिक्षिका वृषालीबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, रतनबाई बाहेर बसल्यात. अंगठा द्यायला तयार आहेत. लिहा ना तेवढं."

"त्या माउलीला खोट्यावर अंगठा उठवायला लावू?"

"अहो, तिला काय फरक पडतो! शाळा राहील."

फादरनी टाक-दौतीच्या जमान्यातल्या सुंदर अक्षरात दोन पानं लिहिली. या तारखा मी माझ्या मनाने घातल्या. मुलांचा किंवा पालकांचा यात दोष नाही. चूक माझी एकट्याची आहे, तिची क्षमा असावी. चूक कबूल केली की क्षमा मिळते, असं हा माणूस उभा जन्म सांगत आला होता आणि त्यावर त्याचा मनापासून विश्वास होता. सरकारी कार्यालयात कबुलीला पुरावा म्हणतात, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

गोरक्षनी पानं वाचली आणि घडी घालत म्हणाले, "सर, हे मी फाडतो. दुसरं लिहा."

"एकदा कबूल केलेलं परत घेत नसतात."

"सर, पाया पडतो."

"मघाशी पडलास की."

कागद तालुक्याला गेला.

फेब्रुवारीत उत्तर आलं. अकरा प्रवेश रद्द. पट बारा. जूनपासून शाळा बंद, आणि खोट्या नोंदी केल्याबद्दल मुख्याध्यापकांची चौकशी. फादर ते पत्र घेऊन चर्चमध्ये जाऊन बसले. एस्तेरबाई जेवायला बोलवायला गेल्या तर म्हणाले, "मी बरोबर वागलो ना गं?" एकतीस वर्षांत त्यांनी असा प्रश्न विचारला नव्हता.

वृषालीबाईंची सोय ओतूरच्या बाजूला लागली. इतर बारा पोरं कुठे कुठे पांगली. शाळेला टाळं लागल्यावर आठवड्याने रतनबाई हिराला घेऊन फादरच्या दारी आली. "हिला पाचवीला ओतूरला घालायची. तिथला कारकून दाखला मागतोय."

"रतनबाई, तिचं नाव रद्द झालंय. सरकारच्या लेखी ती या शाळेत नव्हतीच. मी दाखला देऊ शकत नाही."

"नव्हतीच? मंग चार वर्सं तुमी पाढे कुणाकडनं म्हणून घेतलं?"

फादर म्हणाले, "मी येतो ओतूरला, त्या कारकुनाला सांगतो." ते गेलेही, तीनदा. कारकुनाने साहेबांकडे बोट दाखवलं. पहिल्यांदा साहेब रजेवर होते, दुसऱ्यांदा मीटिंगला होते. तिसऱ्यांदा भेटले, तर त्यांनी विचारलं, "ते खोट्या नोंदीवाले तुम्हीच का?"

परत आल्यावर ते सरळ वस्तीवर गेले आणि घडलं ते सांगितलं. रतनबाई भाकऱ्या थापत होती. ती रागावली नाही. म्हणाली, "तुमी लई चांगलं माणूस हाय, फादर. पर तुमचा चांगुलपणा आमच्या पोरीला भोवला बघा."

त्यानंतर फादरनी प्रवचन सोडलं. रविवारी प्रार्थना म्हणतात आणि बसतात. यमाजी सावलीला येतो, कान देऊन वाट बघतो, मग मेंढरं हाकत निघून जातो.

यंदा दिवाळी झाली आणि कळप कोकणाकडे निघाले. पोरांना मागे ठेवायला आता कारण नव्हतं. फादर कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. हातात पाचवीची पुस्तकं, हिरा निदान वाचत तरी राहील म्हणून. मेंढरांच्या मागे हिरा आली, अंगावर आईची ओढणी, हातात स्वतःपेक्षा उंच काठी. मागून एसटी हॉर्न देत होती. फादर पुस्तकं पुढे करून रस्त्यात आले.

"फादर, बाजूला व्हा!" हिरा ओरडली. "मेंढरं बुजत्यात!"

फादर बाजूला झाले.