पॉइंटांवरचं विमान

ह्यांना जाऊन तीन महिने झाले आणि मी क्रेडिट कार्ड निवडायला बसले. ऐकायला विचित्र वाटेल, पण त्या तीन महिन्यांत मी आपणहून हाती घेतलेलं हे एकच काम. बाकीची कामं लोकांनी माझ्याकडून करून घेतली. इथे सही करा, इथे दाखला जोडा, फोटोला हा हार चालेल का तो. मी सगळ्याला चालेल म्हणत होते. लोकांना वाटायचं, बाई धीराच्या आहेत. धीर कसला? बराच वेळ मांडी घालून बसलं की पाय कसा आपला वाटत नाही, तशी मी सगळीच्या सगळी झाले होते. चहा गरम आहे एवढं कळायचं, गोड आहे की नाही ते कळायचं नाही.

कार्ड हा ह्यांचा प्रांत होता. तळेगावच्या एका कारखान्यात हे हिशेबाच्या विभागात होते. निवृत्तीच्या थोडं आधी कार्ड घेतलं आणि निवृत्तीनंतर सगळा जीव त्याच्यावर. किती रुपयांना एक पॉइंट, कुठल्या पंपावर जादा, कुठल्या दुकानात दुप्पट, सगळं तोंडपाठ. जवळचा पंप सोडून हे पार हायवेच्या पंपावर जायचे. तिथवर जायला जळलेलं पेट्रोल कुठल्या खात्यात धरायचं, असं मी एकदा विचारलं होतं. दोन दिवस बोलले नाहीत.

वर्षातून एकदा वार्षिक फीचा दिवस यायचा. त्या दिवशी हे फोन घेऊन गॅलरीत जायचे, दार ओढून घ्यायचे आणि पंधरा मिनिटांनी कॉलर ताठ करून आत यायचे. "केली माफ. म्हटलं, नाहीतर कार्ड बंद करा." मला खरंच कौतुक वाटायचं. मला रिक्षावाल्याशी घासाघीस जमत नाही, आणि हा माणूस बँकेला नमवून येतो!

ह्या कार्डाला सगळी भावकी लागलेली. आम्ही राहतो कुसगावात, पण मूळ गाव कामशेतच्या पुढे, आत. तिथे थोरले दीर शेती बघतात. कुणाच्या लग्नात फ्रिज द्यायचा आहे, कुणाला पाण्याची मोटर हवी आहे, कुणाच्या मुलीला लॅपटॉप, की ह्यांना फोन. हे इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात हजर. कार्ड ह्यांचं घासायचं, घेणाऱ्याने रोख पैसे ह्यांच्या हातात द्यायचे, बिल आलं की त्यातून हे भरणार. वस्तू त्यांची, पॉइंट ह्यांचे. घेणाऱ्याचं काही जात नव्हतं, उलट दुकानदाराशी भाव करायला एक शहाणा माणूस फुकटात मिळायचा.

आणि हे पॉइंट कशासाठी, तर मला विमानात बसवायला. मी कधी बसले नव्हते. "मग तिकीट काढा की," मी म्हणायचे.

"पैसे टाकून कुणीही बसतं," हे म्हणायचे. "तू पॉइंटांवर बसणार."

भावकीत सगळ्यांना हे माहीत. लग्नात भेटले की चिडवायचे, "काय बाई, कुटवर आलं इमान?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, म्हणून सासरी लहानथोर सगळे मला बाईच म्हणतात. मी ह्यांच्याकडे बोट दाखवायचे. हे म्हणायचे, जमतायत, जमतायत.

दहाव्याचा विधी गावच्या घाटावर झाला, इंद्रायणीकाठी. आमच्याकडे दहाव्याला सगळं गाव लोटतं. माइकवर प्रवचन होतं, मग श्रद्धांजलीची भाषणं, आणि जे आयुष्यात कधी ह्यांच्याशी चार शब्द बोलले नाहीत तेही बोलून घेतात. आम्हाला मूलबाळ नाही, विधी पुतण्याने केला. पिंड ठेवले. कावळे समोरच्या करंजावर बसून होते, खाली येईनात. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, त्याला काहीतरी वचन द्यायला हवं. वर्गात मी मुलांना सांगितलं असतं की एवढ्या माणसांना कावळे घाबरतात. तिथे गप्प बसले.

दिरांनी हात जोडून सांगितलं, "बाईंना आमी सांबाळू." काही नाही. पुतण्या म्हणाला, "काका, तुमची स्कूटर इकनार न्हाई." काही नाही. ऊन चढलं. प्रवचनकार घड्याळ बघायला लागले, त्यांना पुढे दुसरीकडे जायचं होतं.

"बाई, तुमी बोला कायतरी," दीर म्हणाले. "त्याचं तुमच्यातच आडकलं आसंल."

तोंडाला आलं ते बोलले. "तुमच्या पॉइंटांवर विमानात बसेन."

आणि कावळा उतरला. मागे बायकांना रडू फुटलं. मला नाही फुटलं. मला वाटलं, बरं झालं, आता लोकांना जेवायला बसता येईल.

तेव्हापासून दिरांचा दर आठवड्याला फोन. "बाई, काय झालं इमानाचं?" त्यांच्या लेखी हे काही गमतीत बोललेलं नव्हतं. वर्षश्राद्धाच्या आत मी विमानात बसले नाही, तर त्यांचा धाकटा भाऊ तसाच अधांतरी राहणार होता. माझा विश्वास होता का? नव्हता. पण शब्द दिला होता, चारशे माणसांसमोर, आणि त्या दिवसांत मला धरून ठेवायला दुसरं काहीच नव्हतं.

म्हणून एका सोमवारी लोणावळ्याला बँकेत गेले. माझी पेन्शन तिथेच येते. टेबलामागे पंचविशीची मुलगी होती, बोलायला गोड. तिने सांगितलं की काकांचं कार्ड बंद झालंय, त्याला जोडलेलं माझंही. पॉइंटांचं ती बघून सांगणार होती. तोवर नवीन कार्ड कुठलं ते तुम्ही ठरवा, म्हणाली, आणि तीन माहितीपत्रकं पत्त्यांसारखी माझ्यापुढे मांडली.

एकाला फी मोठी, पण विमानतळावर आरामात बसायची सोय आणि जेवण फुकट. दुसऱ्याला मध्यम फी, सिनेमाच्या एका तिकिटावर दुसरं मोफत, आणि वर्षाला अमुक इतका खर्च केला तर फी माफ. तिसऱ्याला फी नाही, पॉइंटही नाहीत.

"तुमचा खर्च कशावर जास्त होतो, काकू? फिरणं, हॉटेलिंग, ऑनलाइन खरेदी?"

मी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. दूध, वीज, रक्तदाबाच्या गोळ्या. पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी हिशेब मांडला, चौथीच्या मुलांना उदाहरण घालावं तसा. दूध आणि गोळ्यांवर दिल्लीचं एक तिकीट जमायला चौदा वर्षं लागत होती. मग दरवर्षीची फी त्यातून वजा करायचं राहिलं हे लक्षात आलं. वजा केली तर तिकीट कधीच जमत नव्हतं. उत्तर बरोबर आहे का, हे मी दोनदा ताडून पाहिलं.

"काकांचे पॉइंट माझ्या नव्या कार्डावर येतील का?" मी विचारलं.

ती पडद्याकडे बघत होती. बघता बघता तिचा चेहरा जरा ओशाळला. "तसे येत नाहीत, काकू. आणि शिल्लक फारशी नाहीच." तिने पडदा माझ्याकडे वळवला. दरवर्षी त्याच महिन्यात तीच एक ओळ होती. वार्षिक फी आकारली. खाली, जमलेले पॉइंट फीपोटी वळते केले. बारा वर्षं, बारा ओळी. "फी माफ कधी झालीच नव्हती," ती म्हणाली. "काका दरवेळी पॉइंट त्यातच घालत होते." उरलेल्या पॉइंटांत एखादा कुकरही आला नसता.

मग हे गॅलरीत दार लावून पंधरा मिनिटं कुणाशी बोलत होते?

तिथेच, त्या खुर्चीत, मला सगळं उमगलं. हिशेब जाणणाऱ्या माणसाला हे कळलं नसेल असं नाही. पण कार्ड बंद केलं असतं तर फोन आले नसते. निवृत्त माणसाला कोण बोलावतं? कार्ड होतं म्हणून बोलावत होते, दुकानात खुर्ची देत होते, चहा मागवत होते. त्या चहाची किंमत हे माझ्या विमानातून भरत होते. हे सगळं मला लख्ख कळलं, आणि वाटलं मात्र काहीच नाही.

"मग कुठलं करू, काकू?"

"ज्याला फी नाही आणि पॉइंट नाहीत, ते."

"पण त्यात काहीच मिळत नाही."

"चालेल," मी म्हटलं.

घरी आले तर दीर पायरीवर बसलेले. सकाळच्या एसटीने आले होते. आत येऊन, पाणी पिऊन त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेले पैसे काढून टेबलावर ठेवले. "हे पान्याच्या मोटरीचं. हे चुलत्याच्या टीव्हीचं. समद्यांला सांगितलंय, आता जे काय घ्याचं ते बाईंच्या कार्डावर. त्याचं पॉइंट कमी पडलं तरी आमी भरून काडतो. वर्साच्या आत बसवतो तुमाला इमानात."

मी त्यांना बँकेतलं सगळं सांगितलं. त्यांना समजायला वेळ लागला. दोनदा समजावलं.

"म्हंजी फी त्यो भरत हुता?" ते म्हणाले. "आन् आमी फुकाट समजून वापरत हुतो." त्यांनी त्या नोटा पुन्हा रुमालात बांधल्या. मग म्हणाले, "जाऊ द्या, बाई. गेलेल्या मानसावर राग धरू न्हाई."

राग? मला राग आलाय हे त्यांनी म्हणेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. कानशिलं तापली. "का धरू नये?" मी म्हणाले, आणि माझा आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. "बारा वर्षं, भाऊ! मला काय विमानाची पडली होती? सांगायचं सरळ, की चार माणसं बोलावतात, बरं वाटतं, म्हणून ठेवलंय. मी नको म्हटलं असतं? फी मी भरली असती माझ्या पगारातून. मला कशाला मूर्ख बनवायचं?" हा माझा वर्गातला आवाज होता. दीर खाली मान घालून ऐकत होते, जसं काही तेच चुकले होते, आणि त्याने मला अजूनच राग आला. चुकलं कुणाचं, आणि ऐकून कोण घेतंय!

मी उठले. आतल्या खोलीच्या दाराकडे तोंड केलं आणि संसारभर भांडायच्या आधी मारत आले तशी खणखणीत हाक मारली. "अहो, जरा बाहेर या. मला उत्तर हवंय."

दिरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मी दाराकडे बघत उभी होते. खरोखर वाट बघत होते. किती वेळ, ते दिरांनाच विचारायला हवं. मग मला पहिल्यांदा कळलं की हे येणार नाहीत, भांडायलासुद्धा.