मास्तरीनची बांधी

आमच्याकडे जेवलात का म्हणून कोणी विचारत नाही, भात खाल्ला का म्हणून विचारतात. पोळ्या, भाजी, वरण आणि वर केळं खाऊन उठलेला माणूसही ‘नाही, अजून जेवण व्हायचंय’ असं प्रामाणिकपणे सांगतो. सकाळी पोहे, दुपारी भात, रात्री भात, सणाला तांदळाच्या पिठाचे अनरसे, तापात पेज आणि गाडीत बसलं की मुरमुरे. अशा मुलखात डॉक्टरांनी मला भात सोडायला सांगितला.

गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवण्यात माझा जन्म गेला. त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास मीच फळ्यावर लिहिलेली अक्षरं मला वर्गाच्या मागच्या भिंतीपासून पुसट दिसू लागली आणि रात्री तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. मी दोन्हीचं खापर वयावर फोडून मोकळी झाले. पण आमचे हे ऐकेनात. शेती सोडून दुसऱ्या कशात लक्ष न घालणारा हा माणूस, पण त्या दिवशी सौंदडहून गाडी धरून मला गोंदियाला घेऊनच गेला.

डॉक्टर हिंदीत बोलणारे, गोंदियात अर्धं गाव बोलतं तसे. रिपोर्ट पाहून म्हणाले, “मॅडम, शुगर बहुत बढ़ी है. गोली तो चलेगी, लेकिन खाना बदलना पड़ेगा. चावल बंद, आलू बंद, मीठा बंद, रोटी भी नाम को. अंडा खाइए, दही, पनीर, हरी सब्जी खाइए. मछली खूब खाइए.”

मी मान डोलावली. शेजारच्या खुर्चीतून ह्यांनी विचारलं, “चिन्नोर बी बंद?”

“वो क्या होता है?”

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की या दवाखान्यातून आत्ताच उठून जावं. एवढा शिकलेला माणूस आणि याला चिन्नोर माहीत नाही! मी सांगितलं, चावलच आहे, खुशबूवाला. डॉक्टर हसले. “चावल है ना? तो बंद.”

परतीच्या गाडीत हे खिडकीबाहेर बघत बसले होते. मग म्हणाले, “मंग आता मी का करू?” आजार माझा, भात माझा सुटणार, आणि हे विचारतात मी काय करू. मला हसू आलं आणि रागही आला. पण त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं.

ते सांगायचं तर लग्नाच्या वर्षापाशी जावं लागेल. माझं माहेर कामठ्याकडचं. वडील थोड्या जागेत का होईना, चिन्नोर लावत. बारीक, लांबट नाही पण असा सुवासिक तांदूळ की एका घरी शिजला तर गल्लीला कळावं. सासरी मात्र सगळा जाडा धान. चिन्नोर उंच वाढतो, वाऱ्यानं लोळतो, पिकतो उशिरा आणि उतरतो कमी, म्हणून व्यवहारी माणूस त्याच्या वाटेला जात नाही. पहिल्या दिवाळीला मी माहेरून परत आले आणि ताटातला भात चिवडत बसले. कोणी काही विचारलं नाही. ह्यांनीही नाही.

पुढच्या रोवणीला, धानाच्या लावणीच्या वेळी, नाल्याकाठच्या खोलगट बांधीत ह्यांनी चिन्नोर लावला. बांधी म्हणजे धानाचा बांध घातलेला तुकडा. घरात कुरकुर झाली, पण हे बधले नाहीत. कोणासाठी लावला, हेही बोलले नाहीत. ते रोवणीवाल्या बायांनीच ठरवून टाकलं. त्या तुकड्याला त्या ‘मास्तरीनची बांधी’ म्हणू लागल्या आणि ते नाव राहिलं. सातबाऱ्यावर माझं नाव कुठेच नाही, पण लोकांच्या तोंडी होतं.

दर वर्षी नवा तांदूळ आला की पहिला भात माझ्या ताटात पडायचा. हे समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहायचे आणि पहिला घास गिळला की विचारायचे, “कसा आहे?” मी म्हणायची, “बरा आहे.” एवढंच. जास्त कौतुक केलं तर हे शेफारतील असं मला नव्या नवरीच्या वयात वाटलं होतं आणि पुढे तीच आमची रीत होऊन बसली. ‘बरा आहे’ ऐकलं की हे समाधानानं स्वतःचं ताट ओढायचे. ह्यांनी मला कधी गजरा आणला नाही. साडी एकदा आणली, ती माझ्या जावेलाही आवडली नाही. गोड बोलणं तर यांच्या घराण्यातच नाही. ह्यांना जे काही म्हणायचं असे, ते त्या बांधीत उगवायचं.

आता तेच बंद.

मुलगी नागपूरला असते. तिनं फोनवरून माझ्या खाण्याचा ताबा घेतला. सकाळी पोह्यांऐवजी अंडी. दुपारी पालेभाजी, वांग्याचं भरीत, दही, जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे. भाकरीही नको, कारण आई, त्यातही तेच असतं. मी भातावर पाणी सोडलं आणि पहिले काही आठवडे घरादाराचा जीव खाल्ला. डोकं दुखायचं, पोट भरायचं पण जेवल्यासारखं वाटायचं नाही. शाळेत पोरं गप्प बसायला शिकली. जाऊ एकदा माझं ताट पाहून म्हणाली, “काऊन वं बाई, उपास आहे का? का भाऊजीवर रुसली?” भात न खाणारी बाई एक तर उपाशी असते नाहीतर रुसलेली, तिसरं कारण आमच्याकडे नाही.

एक दिवस दुपारी शाळेतून लवकर आले तर हे घरात दिसेनात. मागच्या दारी सांदवाडीत गेले, तर गोठ्याच्या आडोशाला दगडावर बसून, मांडीवर ताट घेऊन भात खात होते.

“इथं काऊन बसले?”

“हवा येते.”

हवा कसली, शेणाचा वास येत होता. मला भाताचा वास येऊ नये म्हणून हा माणूस गोठ्यात जेवत होता. मी त्यांना हाताला धरून आत आणलं आणि पाटावर बसवलं. “माह्यासमोर खा,” म्हटलं, “मी काही ताटावर झडप नाही घालत.” त्या दिवसापासून डोकं दुखायचं थांबलं, की आधीच थांबत आलं होतं, देव जाणे.

त्या हिवाळ्यात बांधीतला चिन्नोर कापला. तो माझ्या आजाराच्या आधी लावलेला होता. घरी आणला, पण पहिला भात कोणाच्या ताटात वाढायचा, हे कोणालाच ठरवता येईना. शेवटी पोती मुलीकडे आणि माझ्या भावाकडे गेली. ह्यांनी स्वतःसाठीही ठेवला नाही. जाड्या तांदळाचा भात खाली मान घालून खात राहिले.

उन्हाळ्यात मी तपासण्यांसाठी मुलीकडे गेले. साखर बरीच खाली आली होती, पायांच्या मुंग्या कमी झाल्या होत्या, फळा पुन्हा स्वच्छ दिसू लागला होता. आनंदात परत आले. ऑटोतून उतरते तो जाऊ म्हणाली, “तुह्या बांधीत जेसीबी लागला, मालूम नाही का तुले?”

मी पिशवी तिच्याच हातात देऊन तशीच शेतात गेले. बांधीच्या जागी खड्डा होता. काळी माती कडेला ढिगानं पडली होती आणि हे बांधावर उभं राहून मशीनवाल्याला हातवारे करत होते.

“कोणाले विचारून खंदली?” मी ओरडले.

हे गोंधळले. “बोडी करून राहिलो. पानी राहीन.” बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं.

“माही बांधी होती ते!”

“तू तं आता खात नाई ना वं.”

ते खरंच होतं. पण मी जे ऐकलं ते वेगळंच होतं. मला वाटलं, आता हिला खाऊ घालायचं राहिलं नाही, तर जागा कशाला अडवायची, असा हिशेब या माणसानं केला. डॉक्टरांनी माझा भात थांबवला, ते मी सोसलं. पण ह्यांनी बांधीच मोडली. इतकी वर्षं ज्यातून हा माणूस मला माझ्यावर जीव असल्याचं सांगत आला, तेच मोडलं. आता सांगणार कशातून? साडीतून? मी घरी येऊन खूप रडले आणि अबोला धरला.

अबोला मी नीट पाळते. चहा बिनसाखरेचा, तोही न बोलता समोर ठेवायचा. ह्यांनी एक-दोनदा काही सांगायचा प्रयत्न केला, पण मी भांडी वाजवली. पाऊस लागला, तरी त्या बाजूला मी फिरकले नाही. मग एक दिवस हे मोटरीचा पार्ट आणायचा म्हणून गोंदियाला गेले आणि रिकाम्या हातानं परत आले. दुकान बंद होतं म्हणाले. मी मनात म्हटलं, खड्डे खणण्यात लक्ष असलं की असंच होणार.

रोवणीवरून परतणाऱ्या बायांनी मला दारात थांबवून सांगितलं, “मास्तरीनबाई, तुमच्या बांधीत मासोरीचं बी सोडून राहिले. अर्जुनीकडून आनलं म्हनते.”

मासे? ह्यांनी? लहानपणी घशात काटा अडकला तेव्हापासून या माणसाला माशाचा वास सहन होत नाही. घरात मासा करायचा तर तो सांदवाडीत विटांच्या चुलीवर, वेगळ्या कढईत, आणि तो शिजेपर्यंत हे रस्त्याच्या कडेला जाऊन बसतात. मछली खूब खाइए, असं डॉक्टर म्हणाले होते. ते मी विसरले होते.

राग निम्मा उतरला. पण निम्मा होता तिथेच राहिला, कारण मासा मासा असतो आणि चिन्नोर चिन्नोर. ह्यांनी माझ्या पोटाची सोय केली होती, हे मला कळत होतं. त्याबद्दल माया वाटत होती. तरी ती बांधी गेली ती गेलीच. बोलायला लागले, पण कामापुरतं. “जेवता का,” “छत्री न्या,” एवढंच.

दसरा झाला. दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी हे दारातून म्हणाले, “चाल. जाळं टाकतो आज. पहिली मासोरी काढाची आहे.”

“तुमी आणा घरी.”

“चाल ना वं.”

‘ना वं’ असं ह्यांच्या तोंडून फार वर्षांनी ऐकलं. मी चपला घातल्या.

रस्त्यानं मी पुढे, हे थैली घेऊन मागे. बोडीचा बांध जवळ आला आणि माझे पाय थांबले. डोळ्यांच्या आधी नाकाला कळलं. आमच्या शेतात दुसरीकडे सगळा जाडा धान, त्याला असला वास येत नाही. मी बांधावर चढले. पाण्याच्या पलीकडच्या काठाला, रस्त्यावरून दिसणार नाही अशा बाजूला, एक पट्टा खणायचा सोडलेला होता, आणि त्यात चिन्नोर उभा होता. पुरता निसवलेला, थोडा पाण्याकडे कललेला.

“हे काय?”

“चिन्नोर.”

“ते दिसते मले. पण कायले लावला? मी खात नाही, तुमाले मालूम आहे.”

“खायासाठी नाई होय,” हे म्हणाले. “वासासाठी होय.” मग म्हणाले, “गोंदियाले गेलतो ना मी? पार्ट नव्हता आनाचा. डाक्टरले विचाराले गेलतो. वास घेतल्यानं साखर वाढते का म्हनून.”

“असं विचारलं? दवाखान्यात?”

“हो. हासला तो. हासू दे. नाई वाढत म्हने.”

मी त्या दवाखान्यातली गर्दी डोळ्यांपुढे आणली. डोक्याला टॉवेल गुंडाळून रांगेत बसलेला हा माणूस, नंबर आल्यावर आत जाऊन, ज्याला चिन्नोर म्हणजे काय ते माहीत नाही अशा डॉक्टरला हे विचारणारा. तेव्हा मी त्यांच्याशी बोलतही नव्हते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

ह्यांनी जाळं टाकलं, एक रोहू काढला, थैलीत घातला, आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले. वाऱ्याबरोबर वास पाण्यावरून येत होता. हे माझ्या तोंडाकडे पाहत होते, दर वर्षी पहिल्या घासाला पाहायचे तसेच.

“कसा आहे?”

“लय चांगला आहे,” मी म्हटलं. “दर वर्षीच लय चांगला होता.”

त्यांनी मान वळवली आणि थैली माझ्यापुढे धरली.

“हे घे,” म्हणाले, “याचा वास मले सहन नाई होत.”