बाहेरच्यांचे फोटो

मारुतीच्या देवळावरचा भोंगा चोरीला गेला तेव्हा आमच्या गावात दोन गोष्टी झाल्या. एक, सगळ्यांना पहाटेची झोप चांगली लागायला लागली. दुसरी, ग्रामपंचायतीत बैठक बसली. झोपेबद्दल कोणी जाहीरपणे बोललं नाही. बैठकीत मात्र सगळेच बोलले.

आमचं गाव टेंभुर्णीच्या जवळ. एसटीच्या थांब्यासमोर आमचा फोटो स्टुडिओ आहे. तो मूळचा माझ्या नवऱ्याचा. पण लग्नाच्या ऑर्डरीला गेला की पंगत बसायच्या वेळी त्याचा जीव कॅमेऱ्यातून निघून पत्रावळीत जायचा. मग कॅमेरा मी धरायची. असं करता करता व्हिडिओ आणि जेवण ही दोन खाती त्याच्याकडं राहिली आणि फोटो माझ्याकडं आले. म्हणून त्या बैठकीला मला बोलावणं होतं.

बैठकीत मुख्य बोलणारे तात्या. गावातले जुने शेतकरी. आवाज असा, की भोंगा गेल्यानं देवळाचं काही अडणार नव्हतं. ते म्हणाले, "गावात बाहेरचे लोक लई वाढून राह्यले. कोण कुठला, कोणाला पत्ता न्हाई. एकेकाचा फोटो काढा. समोरून एक, बाजूनं एक. अन् लावा या भिंतीवर. थोबाड डोळ्यापुढं राह्यलं पाहिजे."

"बाहेरचे म्हणजे कोण कोण?" सरपंचबाईंनी विचारलं.

"हा पाणीपुरीवाला. ते राजस्थानचे फरशीवाले. असे."

राजस्थान म्हटल्यावर कापड दुकानाचे शेटजी खुर्चीत थोडे खाली सरकले. त्यांच्या घरात अजून मारवाडी बोलतात. तात्यांचं लक्ष गेलं. "शेटजी न्हाई. शेटजी आपले." शेटजी परत वर आले.

ठराव झाला आणि काम माझ्याकडं आलं. मी काही मोठा विचार करून हो म्हटलं नाही. काम आलं, घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणीपुरीवाला आला. माणूस झाशीकडचा, पण नऊ-दहा वर्षं झाली गावात. केस धुतलेले, मानेला पावडर, लग्नाला निघाल्यासारखा. आत आल्या आल्या तो भिंतीला पाठ लावून ताठ उभा राहिला, दोन्ही हात छातीसमोर धरले आणि म्हणाला, "म्याडम, पाटी द्या."

"कसली पाटी?"

"नंबरची. आधीच्या गावात दिलती. पहले सामने, मग बाजूनं." आणि मी काही सांगायच्या आधीच तो गर्रकन बाजूला वळला. त्याला सगळा कार्यक्रम पाठ होता. वळताना त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा.

मला ते कसंतरीच झालं. म्हटलं, भाऊ, पाटीबिटी नाही, चल बाहेर. आमच्या दुकानाच्या ओट्यावर चार वाजता फार छान उजेड येतो. समोरच्या शाळेच्या पांढऱ्या भिंतीवर ऊन पडतं आणि तिथून मऊ होऊन आमच्याकडं येतं. तिथं त्याला स्टुलावर बसवलं. पण चेहरा तोच, रांगेतला. म्हणून मी सहज विचारलं, "तुझ्या गाडीवर सगळ्यात जास्त तिखट कोण खातं?"

तो जरा थांबला. इकडं तिकडं पाहिलं. मग म्हणाला, "तात्या." आणि त्यानं तात्या करून दाखवले. तोंडात अख्खी पुरी, डोळ्यात पाणी, गाल फुगलेले, आणि तशा अवस्थेत एक बोट वर करून "हे बाहेरचे लोक..." असं भाषण. पुरी फुटली की भाषण थांबतं, नाक पुसतात, "अजून एक दे" म्हणतात, आणि परत तिथूनच सुरू. मी हसले, मग तो स्वतःच हसत सुटला, आणि मी बटण दाबलं. बाजूनं काढायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. खरं सांगायचं तर लक्षात होतं, काढला नाही.

फरशीवाल्या भावांपैकी थोरला त्याच्या पुढच्या दिवशी आला. हा हसणारा नव्हता. ओट्यावर उभा केला तर सारखा खाली पाहायचा. "वर बघा," म्हटलं की वर बघायचा, मी कॅमेरा डोळ्याला लावला की नजर परत खाली. शेवटी विचारलं, काय हरवलंय का?

"ही फरशी कोणी बसवली?" त्यानं विचारलं.

"इथल्याच माणसानं."

"अच्छा," तो म्हणाला. फार सभ्य माणूस, पुढं काही बोलला नाही. पण त्याच्यानं त्या फरशीवर सरळ उभं राहवेना. मग तो उकिडवा बसला, तळहात फरशीवर टेकवला, आणि अशी मान वर करून माझ्याकडं पाहिलं की माझ्या हातून आजवर निघालेल्या चांगल्या फोटोंत तो एक आहे. माझ्या फरशीची त्याला आलेली कीव त्यात स्पष्ट दिसते.

इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं. मग त्याच्या दुसऱ्या दिवशी पोराला कडेवर घेऊन तात्यांची सून आली.

तिच्याबद्दल थोडं सांगायला पाहिजे. तात्यांच्या मुलाचं लग्न बरीच वर्षं जमत नव्हतं. आमच्याकडं आता शेतकरी नवरा म्हटलं की पोरींचे बाप चहासुद्धा न पिता उठतात. मग एका लांबच्या पाहुण्यानं ओडिशातलं स्थळ आणलं आणि लग्न झालं. सून कुठली, असं कोणी विचारलं की तात्या सांगायचे, "नागपूरकडची." कोणी जास्त खोदून विचारलं तर, "नागपूरच्या थोडं पुढं." हे थोडं पुढं म्हणजे रेल्वेनं पुरा एक दिवस. पण गावानंही कधी नकाशा काढला नाही. ती आली तेव्हा तिला आमची भाषा येत नव्हती आणि भाकरी तव्यावर जायच्या आधीच फाटायची. आता तिच्या बोलण्यावरून ती बाहेरची आहे असं कोणी म्हणणार नाही, आणि ठेचा तर असा करते की खाणाऱ्याला पहिल्याच घासाला देव आठवतो.

ती स्टुलावर बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "ताई, महा बी फोटो काढा. ठरावात हाये ना, बाहेरच्यांचा. मी बी बाहेरचीच."

"अगं, तात्यांना विचारलंस का?"

"काहून विचारू? त्यांनीच तं ठराव केला."

तिचा हा प्रश्न गमतीचा की खरा, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. चेहरा अगदी साधा होता. पण पोराला तिनं नवे कपडे घातले होते आणि स्वतःच्या भांगात, आमच्याकडं लावत नाहीत तसं, लांब लाल कुंकू. माहेरी असं लावतात म्हणाली. मी फोटो काढला. पोरानं ऐन वेळी तिचं नाक धरलं. तोच ठेवला.

तात्यांना बातमी पोचायला वेळ लागला नाही. ते आले तेव्हा सून अजून ओट्यावरच होती, पोराला पाणी पाजत.

"हे काय लावलं?" तात्या माझ्यावर ओरडले. "मह्या घरची बाई तू त्या लायनीत बसवली?"

मी म्हटलं, "तात्या, तुमचाच ठराव. बाहेरून येऊन राह्यलेल्यांचा फोटो काढायचा."

"ती बाहेरची न्हाई. बिलकुल न्हाई. ती मह्या घरची हाये!"

"मंग कुठली म्हणून लिहू फोटोखाली?"

"लिही... नागपूरकडची."

सासऱ्याला आमच्याकडं मामा म्हणतात. सुनेनं पोराचं तोंड पुसत हळूच सांगितलं, "मामा, नागपूर लई अलीकडं राह्यलं."

तोंडात पुरी नसताना तात्या गप्प झालेले मी पहिल्यांदाच पाहिले. नातवानं त्यांच्याकडं हात केले. ते त्याला उचलून चालते झाले. जाताना एवढंच म्हणाले, "फोटो दाखव आधी मला." संध्याकाळी परत येऊन त्यांनी तो बघितला. बराच वेळ. नाक धरल्याचा फोटो कशाला ठेवला म्हणाले, पण लावू नको असं म्हणाले नाहीत. खाली काय लिहायचं विचारलं तर दुसरीकडं बघत म्हणाले, "तिला इचार."

फोटो मोठे करून, फ्रेम करून आम्ही ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावले. सरपंचबाईंनी बाजूनं काढलेले कुठंत म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही काढले. त्यांनी भिंतीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "बराबर केलं."

मग जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. लोक यायला लागले. दाखला काढायला आलेले अर्धा अर्धा तास भिंतीपाशी उभे. "हा आपला पाणीपुरीवाला? बाप्पा, किती देखणा दिसून राह्यला!" एक मावशी त्याच्या फोटोकडं बघून म्हणाली, इतकी वर्षं त्याच्या हातचं खाल्लं, पण नजर कधी पुरीच्या वर गेलीच नव्हती. आणि लगेच तक्रारीही सुरू झाल्या. "आमच्या लग्नाचे फोटो असे काहून काढले न्हाई?" "आधारकार्डावर आम्ही दरोडेखोर दिसतो अन् हे बाहेरचे हिरोवानी!"

सगळ्यात आधी शेटजी आले. दुकान नोकरावर सोडून, कोट घालून.

"माझा कधी काढता?"

"तुम्ही तर आपले ना, शेटजी."

"आपला कसा?" शेटजींना रागच आला. "आमचे पणजोबा मारवाडातून आल्ते. उंटावर! अर्ध्या वाटेत उंट मेला, पुढं पायी आल्ते." बैठकीत खाली सरकलेला हाच माणूस उंटाची सगळी कथा सांगून, वर उंटाच्या वतीनं डोळेही पुसून, ओट्यावर बसला.

शेटजींची फ्रेम लागली आणि बांध फुटला. गावचे जुने पाटील आले. त्यांचे पूर्वज म्हणे निजामाच्या काळात पूर्णेपलीकडून आल्ते, रात्रीतून, का आल्ते ते विचारू नका. न्हावी म्हणाला त्याचं कुळ सिंदखेडकडचं. एकानं तर सांगितलं की त्याचा आजा कुंभार पिंपळगावच्या बाजारात बैल विकायला गेला आणि बैलाबरोबर स्वतःही तिथं राहिला, पण बाप परत आला, म्हणून बाप बाहेरचा धरावा. मी म्हटलं, धरू.

आणि मग बायका आल्या. एका दुपारी मी ओट्यावर आले तर ही रांग, ठेवणीतल्या साड्या नेसून. मी विचारलं, तुम्ही कशा काय?

"लग्न करून आलो ना," एकजण म्हणाली. "गावातली एक बी बाई इथली न्हाई. आम्ही समद्या बाहेरच्या."

ते मलाही लागू होतं, मी स्वतः पिंपळगाव रेणुकाईची. शेवटी माझा फोटो नवऱ्यानं काढला. थोडा हललेला आहे. त्याला जेवायला जायची घाई होती.

भिंत भरली. पुढं सरपंचबाईंनी सांगितलं, आता बस करा, तलाठ्याला खुर्ची टेकवायला जागा उरली नाही.

यानं गाव एकदम बदललं असं मी म्हणणार नाही. कोणाची सायकल हरवली की पहिलं बोट अजूनही फरशीवाल्यांच्या खोलीकडं जातं. फरक इतकाच की आता बोट करणाऱ्याला कोणीतरी म्हणतं, "कोण, तो भिंतीवरला? तो असा दिसत न्हाई." फोटोवरून माणूस ओळखू नये हे मला माहीत आहे, पण आधी तर काहीच न बघता ओळखत होते. फरशीवाले काम संपल्यावर दुसऱ्या गावाला गेले. थोरल्यानं जाताना माझ्याकडून फोटोची प्रत घेतली आणि आमच्या ओट्याची फरशी उकरून पुन्हा बसवून दिली, मी नको म्हणत असतानासुद्धा. त्याला बघवत नव्हती.

तात्यांच्या सुनेनं तिच्या फोटोची एक प्रत माहेरी पाठवली. ती पोचल्यावर तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तात्या विहीणबाईंशी बोलायला समोर बसले. मी तेव्हा नेमकी त्यांच्या घरी होते. ओडिशा लांब, म्हणून तात्या त्या हिशोबानं ओरडत होते. "नमस्ते! खाना हुआ क्या? पोरगी बराबर हाये तुमची! एक नंबर!" पलीकडच्या बाईंना हिंदी येत नव्हती आणि मराठी तर नाहीच. त्या त्यांच्या भाषेत बरंच काही म्हणाल्या. मग दोघंही नुसते माना हलवत आणि हसत राहिले, नातू मध्ये येऊन मोबाइल चाटेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तात्या स्टुडिओत आले. खुर्ची ओढून बसले, पण विषय काढेनात.

मी विचारलं, "काय म्हणाल्या विहीणबाई?"

"सुनेला इचारलं मी. ती म्हणे, आई इचारत व्हती, तुजा सासरा इतका वाळका कसा? त्याला जेवायला देती का न्हाई?" तात्यांनी टोपी काढली, केस चापून बसवले आणि पुन्हा घातली. "तवा महा एक फोटो काढ अन् दे धाडून तिकडं. जल्दी. पण असा काढ, जरा गालबिल भरलेलं दिसलं पाहिजे."