कागदावरचा अंगठा

नाचाचे बूट विकून विकून मावशींची कंबर पार कामातून गेली होती. दिवसभर लोकांच्या पायांशी बसायचं आणि तेच तेच सांगायचं, की पाऊल पुढून पसरट असेल तर निमुळता बूट घेऊ नका. ऐकतं कोण?

आज लेकीला घेऊन आलेली आईही हटून बसली होती. लेकीचं पाऊल पसरट, पण हिला निमुळताच जोड हवा.

"चार दिवस चावतील, मग सवय होते. मीही इथूनच नेले होते की."

मावशींनी वाद घातला नाही. गिऱ्हाइकाला कागदावर उभं करून पेन्सिलीने पाऊल आखायचं, आणि तो कागद जपून ठेवायचा, ही दुकानाची जुनी पद्धत. त्यांनी या आईचाच कॉलेजच्या दिवसांतला कागद शोधून जमिनीवर पसरला.

"चपला काढून यावर उभी राहा."

टाच रेघेत नेमकी बसली. अंगठा मात्र रेघ सोडून शेजारच्या बोटावर चढला होता.

आईने वाकून अंगठा रेघेकडे ओढून पाहिला. "तेव्हा तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत, मावशी."

"तुझं पाऊल पसरट आहे, हे आखतानाच कळलं होतं मला. गिऱ्हाईक जाईल म्हणून गप्प बसले," मावशी म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात टेकून रुंद जोडाचा खोका आणायला उठल्या.