दोन गुणांनी पहिले

हलगी शेकताना कातड्याचा करपट वास सुटला, की ती लेझीम स्पर्धा आठवते: गणपतीतला रविवार, सात रस्त्याजवळचं मैदान, पहिलं बक्षीस अकरा हजार, आणि बघायला माझी बायको नि मुलगी. आम्ही वीस जण एकही पाऊल न चुकवता खेळलो. मग मैंदर्गीकडचा संघ आला. भुरभुर पावसानं त्यांची हलगी सैल पडली, तेव्हा हलगीवाल्यानं मैदानातच कागद पेटवले, हलगी शेकली आणि संघाला त्या जाळाभोवती नाचवलं. लोक खुर्च्यांवर चढले. खेळात खंड पडला म्हणून परीक्षकांनी त्यांचे पाच गुण कापले आणि आम्ही दोन गुणांनी पहिले आलो. मुलगी म्हणाली, "पप्पा, नंबर तुमचा आला, पण ते लई भारी खेळले की!" टाळ्या वाजवून तिचे तळहात लाल झाले होते, आमच्या खेळाला ते झाले नव्हते. मी तडक हलगीवाल्याला गाठलं आणि ती हलगीच विकत मागितली. "घ्या की मालक," तो हसला, "पण हात कुटनं आणणार?" आजही मी ती वाजवायला घेतली, की मुलगी दार लोटून घेते. बक्षिसातले माझ्या वाट्याचे साडेपाचशे आणि खिशातले साडेनऊशे, असे पंधराशे रुपये मी त्या हलगीवाल्याला दिले.