टॅग वामननं लावला

डोक्याला मार लागलेल्या माणसाचे किस्से भराभर जमतात. पंचाईत एवढीच, की ते घडताना मी हजर असूनही मला ते दुसऱ्यांकडून ऐकावे लागतात.

मी खापरखेड्याकडे वीजकेंद्रात, कंट्रोल रूमला. ड्युटीवरून येताना मोटरसायकल घसरली, तेव्हा हेल्मेट हँडलला लटकत होतं. सुरक्षा सप्ताहातलं भाषण दरवर्षी मीच ठोकायचो!

*

नागपूरच्या दवाखान्यात मी कित्येक आठवडे नुसता डोळे उघडे ठेवून पडलो होतो. मग डॉक्टर मॅडमनी मेंदू जागा करायची गोळी सुरू केली. आमच्या पाळीतला वामन भेटायला आला आणि पलंगाला लाल टॅग बांधून गेला, 'दुरुस्ती चालू आहे.' मशीन दुरुस्तीला काढलं की आम्ही हा लावतो. ज्यानं लावला त्यानंच काढायचा, हा नियम.

थोड्या दिवसांनी चादर बदलताना माझी बायको सुनंदा तो सोडायला लागली, आणि मी बोललो.

"तू काहून काढून राहिली वं? वामनले बोलाव."

इतक्या दिवसांनी तोंड उघडलं, ते बायकोवर खेकसायला. ती म्हणे खूप रडली. टॅगला मात्र पुन्हा हात लावला नाही.

*

मॅडम म्हणाल्या, "प्राण्यांची नावं सांगा, आठवतील तेवढी."

"गाय," मी म्हणालो. बराच वेळ गेला. "दुसरी गाय."

वर विचारलं, "उद्यापासून ड्युटीवर जाऊ ना?"

*

गोळी सकाळी आणि दुपारी. मी हिशेब मांडला, रात्रीही घेतली तर लवकर बरा होईन.

"रात्री घेतली तर घरात कुणी झोपणार नाही," मॅडम म्हणाल्या. "गोळी नुसता धक्का देते. गाडी तुम्हालाच चालवायची आहे."

"मंग चावी द्या."

*

घरी सराव म्हणून चहा करायचा होता. पाणी, साखर, पत्ती, आलं, सगळं बरोबर टाकलं. जन्मभर बॉयलर सांभाळलेला माणूस, खाली गॅस पेटवायचा राहिला.

"गॅसचं प्रेशर कमी हाय," मी सुनंदाला सांगितलं.

मॅडम तिला म्हणाल्या, "गोळीनं लक्ष लागायला लागलंय. पण आपल्याला काय जमत नाही, हे यांना कळत नाही. ते कळेपर्यंत ड्युटीला मी हो म्हणणार नाही."

नोकरी जायची वेळ आली होती. माझं मत, मॅडमलाच एकदा तपासून घ्यावं.

*

पुढच्या तपासणीला वामन सोबत आला. टॅग आता माझ्या गोळ्यांच्या पिशवीला होता; दवाखाना सोडताना वामननंच तो पलंगावरून काढून तिथं बांधला होता. मॅडमसमोरच तो गाठ सोडायला लागला.

"काढतो गा आता. फिट दिसून राहिला तू."

नोकरी मला हवी होती. फार हवी होती. मी टॅगवर हात ठेवला.

"राहू दे गा वामन. काल पुन्हा गॅस पेटवायचा राहिला. मले समजलंच नाही. ट्रायल बाकी हाय."

सुनंदा खिडकीबाहेर बघायला लागली. मॅडमनी पेनचं टोपण काढलं.

"सोमवारपासून न्या यांना," त्या वामनला म्हणाल्या. "दिवसपाळीला, तुमच्या शेजारी बसवा. टॅग राहू द्या."